लेझी सिक्वेन्स: पाणी शेंदणार कोण?

मागच्या उन्हाळ्यात माझा एक प्रोग्रॅम सलग तीन रात्री वेळेवर चालू झाला, वेळेवर संपला, एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगच्या शेवटी ‘झालं’ अशी मीच लिहिलेली ओळ, आणि डेटाबेसच्या टेबलात मात्र काहीच नाही. तीन रात्री शून्य. एरर आला असता तर बरं झालं असतं, निदान कुठं बघायचं ते तरी कळलं असतं. तेव्हापासून लेझी सिक्वेन्सबद्दल, म्हणजे मागितल्यावरच एकेक किंमत काढून देणाऱ्या यादीबद्दल, जे जे कळत गेलं ते आज एकदाचं लिहून काढतोय, क्लोजर ही प्रोग्रॅमिंगची भाषा नवीन शिकणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी काम काय होतं ते सांगतो. आमच्याकडं मराठवाड्यात उन्हाळा आला की गावोगाव टँकर लागतात, प्रत्येक गावाला रोजच्या खेपा मंजूर असतात, टँकरवर जीपीएस बसवलेलं असतं, आणि त्या जीपीएसवरून मंजूर खेपा किती नि खरंच झालेल्या खेपा किती हे काढता येतं. तेच काढायचं काम माझ्याकडं आलं होतं. ४० टँकर, प्रत्येकाचं लोकेशन दर १० सेकंदाला, म्हणजे एका टँकरच्या दिवसाला ८,६४० ओळी, सगळ्यांच्या मिळून ३,४५,६०० आणि तीस दिवसांच्या महिन्याला १ कोटी ३ लाख ६८ हजार. टँकरनुसार आणि मग वेळेनुसार लावलेली एकच मोठी फाईल. पैशाच्या हिशोबानं काम छोटंच होतं, पण मी लहानपणी टँकरची वाट बघत रांगेत उभा राहिलेलो आहे, त्यामुळं गावाला तीन खेपा मंजूर असून दोनच येत असतील तर तो आकडा कागदावर यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं.

क्लोजर मी का घेतलं तर असल्या कामाला त्याच्यासारखी भाषा नाही म्हणून. रिच हिकीनं २००७ मध्ये ती लोकांसमोर आणली, जावाच्या मशीनवर चालते, आणि तिच्यात मॅप (प्रत्येक घटकावर एक काम करणारं), फिल्टर (अटीत बसणारे घटक ठेवणारं), टेक (पहिले काही घेणारं) असले बहुतेक फंक्शन लेझी सिक्वेन्स देतात. लेझीला मराठीत आळशी म्हणतात खरं पण मला तो शब्द इथं अजिबात पटत नाही. आळशी माणूस सांगितलं तरी करत नाही, आणि हे तर मागितलं की लगेच करतं, निस्तं मागायच्या आधी करत नाही एवढंच.

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यातलं. टँकर यायचा आणि पाणी घरोघर न देता सगळं गावच्या विहिरीत ओतून जायचा, दहा-पंधरा मिनिटांत टँकर रिकामा. मग बायका काठावर उभं राहून एकेक पोहरा सोडायच्या, शेंदायच्या, घागर भरायच्या. टँकरवाल्याचं काम म्हणजे एकदम सगळं ओतून मोकळं होणं, साधी लिस्ट ही अशी असते, सगळं आधीच मेमरीत आणून टाकलेलं. लेझी सिक्वेन्स म्हणजे दोराला बांधलेला पोहरा. दोर हातात दिलेला आहे, पाणी अजून वर आलेलं नाही, तुम्ही ओढाल तेव्हा एक पोहरा येईल, परत ओढाल तर पुढचा. आणि एकदा वर आलेलं पाणी परत खाली जात नाही, घागरीत राहतं, म्हणजे एकदा काढलेली किंमत सिक्वेन्स लक्षात ठेवतो, दुसऱ्यांदा मागितली तर परत हिशोब करत बसत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात राहू द्या, पुढं ह्यानंच मेमरी खाल्लीय.

आता त्या तीन रात्री. कोड असा होता की फाईलच्या ओळी घ्यायच्या, तोडायच्या, टँकर नंबर आणि थांबलाय का चाललाय ह्यावर पार्टिशन-बाय लावून गट पाडायचे, भरायच्या ठिकाणापासून गावापर्यंतचा एक फेरा म्हणजे एक खेप, आणि शेवटी त्या खेपांवर मॅप लावून प्रत्येक खेप डेटाबेसमध्ये सेव्ह करायची. रेपलमध्ये, म्हणजे कोड टाइप करून लगेच उत्तर बघायच्या खिडकीत, चालवलं तर सगळं व्यवस्थित, टेबल भरायचं. रात्रीच्या जॉबमध्ये चालवलं की शून्य. दोन्हीकडं कोड अक्षरशः तोच.

फरक एवढाच होता की रेपल प्रत्येक उत्तर स्क्रीनवर छापतो, आणि छापायचं म्हणजे किंमत पाहिजे, म्हणून तो दोर ओढत होता. पाणी रेपल शेंदत होता! जॉबमध्ये त्या मॅपनं दिलेला सिक्वेन्स कुणी बघतच नव्हतं, फंक्शन त्याला घेऊन बसलं आणि पुढच्या ओळीवर ‘झालं’ छापून मोकळं झालं. मॅपनं त्याचं काम बरोबर केलं होतं, त्यानं दोर दिला होता. ओढणारं कुणी नव्हतं.

म्हणून पहिली सवय मी ही लावून घेतली की जिथं बाहेरच्या जगाला हात लागतो, म्हणजे डेटाबेस, फाईल, एसएमएस, काहीही, तिथं मॅप वापरायचाच नाही. रन नावाचं फंक्शन आहे, उद्गारचिन्हवालं, नाहीतर डूसेक आहे, ते स्वतः ओढतात आणि हातात काही ठेवत नाहीत. मॅप फक्त हिशोबासाठी. हे वाचायला फार साधं वाटतं पण कोड रिव्ह्यू करताना मला अजून दर महिन्याला एखाद्याच्या कोडमध्ये हे सापडतं, आणि तो माणूस दरवेळी हेच सांगतो की माझ्याकडं तर चालत होतं.

ते सुधारलं आणि लगेच दुसरं. मी फाईल वाचायचा भाग नीटनेटका म्हणून वेगळ्या फंक्शनमध्ये काढला. विथ-ओपननं फाईल उघडायची, लाइन-सेकनं ओळींचा सिक्वेन्स करायचा आणि तो परत द्यायचा, दिसायला एकदम स्वच्छ कोड. चालवला तर ‘स्ट्रीम क्लोज्ड’. ह्यात होतं काय, की लाइन-सेक फक्त दोर देतो (पहिली ओळ तेवढी वाचतो), आणि विथ-ओपनचं काम आहे की आपल्या कंसातून बाहेर पडताना फाईल बंद करायची. म्हणजे माझ्या हातात दोर आला तेव्हा मागं विहीर बुजवलेली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी शंभरदा ऐकली असेल पण ती मला त्या स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कुठून कुठं आला त्याच्या यादीत) भेटेल असं वाटलं नव्हतं. आणि ह्या एररचा सगळ्यात त्रास देणारा भाग म्हणजे तो दाखवतो भलत्याच ओळीवर. फाईल उघडली एकीकडं, बंद झाली तिथंच, आणि एरर येतो चार फंक्शन पलीकडं, जिथं बिचारा पार्टिशन-बाय दोर ओढत असतो. मी दोन तास पार्टिशन-बायला दोष देत होतो.

इंटरनेटवर ह्याचं उत्तर शोधलं तर बहुतेक जण सांगतात की डूऑल लाव. डूऑल म्हणजे दोर शेवटपर्यंत ओढून सगळं पाणी आत्ताच वर काढ. एरर जातो, हे खरंय. पण एक कोटी ओळी आहेत, प्रत्येक ओळीचा मॅप (ते फंक्शन नव्हे, नाव-किंमत अशा जोड्यांचा डेटा) केला की क्लोजरमध्ये तो काही शे बाइट घेतो, आणि माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर जावा न सांगता साधारण पाव मेमरी म्हणजे २ जीबी घेऊन चालतो. तुम्हीच हिशोब करा. आउट ऑफ मेमरी. डूऑल म्हणजे टँकर परत आणून दारात ओतल्यासारखं झालं, मग लेझी सिक्वेन्स घेतला कशाला? छोट्या फाईलला चालतं, मीही वापरतो, पण उत्तर म्हणून ते सांगणं मला चूक वाटतं. खरं उत्तर हे की पाणी शेंदायचं काम विहीर उघडी असतानाच उरकायचं. आता माझं फाईल वाचणारं फंक्शन सिक्वेन्स परत देतच नाही, उलट तेच माझ्याकडून ‘ओळींचं काय करायचं’ हे फंक्शन म्हणून घेतं, विथ-ओपनच्या आत ते काम पूर्ण करतं, आणि बाहेर येतो तो नुसता आकडा किंवा खेपांची छोटी लिस्ट. ह्या एका बदलानं जेवढे प्रॉब्लेम गेले तेवढे कशानंच गेले नाहीत.

मेमरीचा विषय निघालाच तर तो आधी पूर्ण करतो, कारण सगळ्यात खोल पाणी इथंच आहे.

मला एका खेपेला सरासरी किती वेळ लागतो ते पाहिजे होतं. सरासरी म्हणजे काय, बेरीज भागिले संख्या, शाळेत शिकवतात तसं. रिड्यूस (एकेक घटक घेत शेवटी एकच उत्तर काढणारं फंक्शन) लावून बेरीज काढली, काउंट लावून संख्या, भागाकार केला. खेपांवर हे मस्त चाललं कारण खेपा काही हजारच होत्या. मग तेच मी जीपीएसच्या कच्च्या ओळींवर लावलं, सरासरी वेग काढायला, आणि परत आउट ऑफ मेमरी, डूऑल कुठंच नसताना! कारण बेरीज करताना रिड्यूस शेवटपर्यंत जातो, एकेक ओळ वर येते, आणि ती खरं तर काम झाल्यावर सोडून देता आली असती, पण त्याच सिक्वेन्सवर पुढं काउंट चालवायचाय ना, म्हणजे सिक्वेन्सचं पहिलं टोक मी हातात धरून ठेवलेलं आहे. आणि मघाशी सांगितलं तसं एकदा काढलेलं तो विसरत नाही. पहिलं टोक धरलं की त्याला लोंबणारा अख्खा दोर मेमरीत राहतो, एक कोटी घागरी काठावर भरून ठेवलेल्या, एकही सांडायची नाही.

क्लोजरचा कंपायलर ह्यात आपल्याला होईल तेवढी मदत करतो, एखादं नाव शेवटचं वापरून झालं की तिथंच ते सोडून देतो, फंक्शन संपायची वाट बघत नाही. म्हणून ओळींच्या क्रमानं फरक पडतो. एकाच सिक्वेन्सचा आधी पहिला घटक आणि मग शेवटचा मागितला तर मेमरी लागत नाही, कारण शेवटचा काढताना पहिलं टोक सुटलेलं असतं. आधी शेवटचा आणि मग पहिला मागितला तर मोठ्या सिक्वेन्सवर मेमरी भरते. दोन शब्दांची अदलाबदल! मला हे कळलं तेव्हा मी उठून गच्चीत दोन फेऱ्या मारून आलो. सरासरीचं उत्तर साधं आहे, एकाच रिड्यूसमध्ये बेरीज आणि संख्या दोन्ही सोबत न्यायच्या, एकदाच शेंदायचं. आणि मोठा सिक्वेन्स डेफनं वरच्या पातळीवर नाव देऊन ठेवायचा नाही, तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत धरलेला राहतो.

आता बत्तीसची गोष्ट. मला वाटत होतं एक मागितलं की एकच येतं. एका दिवसाच्या खेपा मी व्हेक्टरमध्ये (सगळं आधीच मेमरीत असलेल्या यादीत) घेतल्या होत्या आणि त्यातली पहिली अशी खेप शोधायची होती जिचा शेवट मंजूर गावाच्या हद्दीबाहेर झालाय. गाव ओळखायला नकाशाच्या एका सर्व्हिसला विचारावं लागायचं, दर कॉलला पैसे. फिल्टर लावला, फर्स्ट लावला, पहिलीच खेप हद्दीबाहेरची निघाली, म्हणजे एक कॉल पाहिजे होता. गेले ३२. कारण व्हेक्टर आणि रेंजसारख्या (रेंज म्हणजे ओळीनं आकडे) गोष्टींवर मॅप-फिल्टर एकेक न आणता ३२ चा गट आणतात, वेग वाढावा म्हणून, क्लोजर १.१ पासून हे आहे. एक पोहरा मागितला तरी विहिरीतून बत्तीस वर येतात, तुम्हाला एक मिळतो, बाकीचे काठावर. नुसत्या बेरीज-वजाबाकीत ह्यानं फायदाच होतो आणि कळतसुद्धा नाही. पण प्रत्येक पोहऱ्याला पैसे पडत असतील तर कळतं. आणि सगळीकडं तसं नाही बरं का, लाइन-सेक एकेकच आणतो, इटरेटसुद्धा (आधीच्या किमतीवरून पुढची काढत जाणारं फंक्शन) एकेकच, म्हणजे तुमचा सिक्वेन्स कशापासून निघालाय त्यावर अवलंबून. मी ह्यातून एवढंच घेतलं की लेझीपणावर विसंबून ‘बरोब्बर एवढेच कॉल जातील’ असं गृहीत धरायचं नाही. जिथं मोजून काम करायचंय तिथं सरळ लूप लिहायचा किंवा रिड्यूसमध्ये रिड्यूस्ड (बास, इथंच थांब अशी खूण) देऊन थांबायचं.

ट्राय-कॅचचंही तेच, मॅपच्या भोवती कॅच लावला तरी काही पकडलं जात नाही कारण चूक ओढताना होते आणि ओढणं कॅचच्या बाहेर. बाइंडिंगनं तात्पुरती बदललेली व्हेरिएबलसुद्धा तशीच, ओढेपर्यंत बाइंडिंग संपलेलं असतं. ह्या दोन्हीवर वेगळं काही लिहीत नाही, विहीर बुजवल्याचंच दुसरं रूप आहे ते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल मग वापरायचंच कशाला. आमच्या ग्रुपमध्ये दोघा-तिघांचं हेच मत आहे, सगळीकडं मॅपव्ही (लगेच सगळं काढून देणारा मॅप) वापरा आणि ट्रान्सड्यूसर वापरा. ट्रान्सड्यूसर मला आवडतात, २०१५ मध्ये १.७ सोबत आले, मॅप-फिल्टरची साखळी सिक्वेन्सपासून सुटी करून हवी तिथं जोडता येते, मधले सिक्वेन्स तयारच होत नाहीत, आता महिन्याची फाईल मी तशीच वाचतो आणि वेळही कमी लागतो. पण म्हणून लेझी सिक्वेन्स टाकून द्यायचा हे मला पटत नाही. ही कल्पना उगं आलेली नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत फ्रीडमन आणि वाइज ह्या दोघांनी एक पेपर लिहिला आणि त्याच वर्षी हेंडरसन आणि मॉरिस ह्यांनी दुसरा, लिस्प (क्लोजर ज्या घराण्यातली ती जुनी भाषा) बघत बघत दोन्ही जोड्या एकाच ठिकाणी पोचल्या, की लिस्ट बनवताना तिच्या आतलं लगेच कशाला काढायचं, मागेल तेव्हा काढू. (आपल्याकडं त्याच १९७६ साली पैठणला जायकवाडीचं उद्घाटन झालं, म्हणजे इकडं आधी साठवायचं आणि तिकडं मागितल्यावर काढायचं. दोन्हीची गरज असते.) पुढं हॅस्केल नावाची अख्खी भाषाच त्यावर उभी राहिली. त्या कल्पनेचं खरं बळ मेमरी वाचवण्यात नाही असं मला वाटतं. ‘काय पाहिजे’ आणि ‘किती पाहिजे’ ह्या दोन गोष्टी वेगळ्या लिहिता येतात, ते तिचं बळ. आणि मला ते घरी जाणवलं, टँकरच्या कामात नाही.

आमचे दादा, म्हणजे वडील, अंगणात पर्जन्यमापक ठेवून पाऊस मोजतात आणि वहीत लिहितात, बरीच वर्षं. पडला तरच लिहितात, नाही पडला त्या तारखेला काहीच नाही. मी जुलैत गावी गेलो तेव्हा ती सगळी वही टाइप केली. पीकविम्याच्या बोलण्यात २१ दिवसांचा खंड हा आकडा आमच्याकडं ज्याच्या त्याच्या तोंडात असतो, सोयाबीन टाकलेल्या माणसाला झोपेत विचारलं तरी सांगेल. म्हणून म्हटलं प्रत्येक वर्षी पहिला २१ दिवसांचा खंड कधी पडला ते काढू. हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस, तेच धरलं.

कोड चार ओळींचा झाला. १ जूनपासून इटरेट, प्रत्येक तारखेला एक दिवस मिळवत जायचं, म्हणजे तारखांचा न संपणारा सिक्वेन्स. त्यावर पार्टिशन, २१ चा गट आणि एकेक दिवस पुढं सरकत. त्यातले सगळेच्या सगळे दिवस कोरडे असलेले गट फिल्टर. आणि फर्स्ट. झालं. सीझन कधी संपतो, लूप कुठं थांबवायचा, आतापर्यंत किती कोरडे दिवस झाले त्याचा काउंटर, एखाद्या दिवशी पाऊस आला की तो शून्य करायचा, असलं काही नाही. खंड म्हणजे काय ते लिहिलं आणि पहिला पाहिजे म्हणून सांगितलं, मिळाला की काम तिथंच थांबतं. हे मी लूप लिहून आधी केलेलं आहे, तीस-पस्तीस ओळी व्हायच्या आणि दरवेळी एका दिवसाची चूक निघायची.

दादा शेजारी बसून बघत होते. ‘काय करायलास?’ म्हणाले. मी सांगितलं. जुन्या वर्षांच्या तारखा एकेक करून त्यांना वाचून दाखवल्या, ते प्रत्येक तारखेला मान हलवत होते, एका वर्षी म्हणाले बरोबर, त्या साली दुबार पेरणी केली होती. मग मी ह्या वर्षीचं चालवलं. त्या दिवशी १८ जुलै होती. उत्तर आलं, खंड १० जुलैपासून.

‘दहापासून?’ दादा म्हणाले. ‘नऊला पडला. आज अठरा. नऊच दिवस झाले की रे. एकवीस कामून म्हणायलंय ते?’

मी स्क्रीनकडं बघितलं आणि लगेच लक्षात आलं. तारखा न संपणाऱ्या होत्या. इटरेट १९, २०, २१ करत ३० जुलैपर्यंत आरामात गेला, वहीत त्या तारखांना काही नव्हतंच, आणि काही नाही म्हणजे कोरडा दिवस असं मीच लिहिलं होतं. न आलेले बारा दिवस त्यानं कोरडे धरले होते. मी दादांना तसं सांगितलं.

‘अजून बारा दिवस यायचेत की,’ ते म्हणाले. ‘पडंल बी.’

मी पार्टिशनच्या आधी टेक-व्हाइल टाकला, आजच्या तारखेपर्यंत, आणि परत चालवलं. ह्या वर्षासमोर काही आलं नाही, मोकळं. दादांनी चष्मा काढला आणि मापक बघायला अंगणात गेले.